चौथ्या प्रश्नाचे उत्तर

आपल्या वाचनालयातर्फे शाळकरी मुलांसाठी घेतल्या जाणाऱ्या सामान्यज्ञान स्पर्धेच्या प्रश्नपत्रिका काढण्याचे काम अनेक वर्षे प्रस्तुत लेखकाकडे होते. मराठ्यांच्या इतिहासावरील प्रश्न काढणे अवघड नसे. लष्कर-ग्वाल्हेरच्या मराठी घरांतील मुले तो विषय आजी-आजोबांकडूनच शिकून येतात. जगाच्या इतिहासाचे प्रश्न काढताना मात्र चार ठरलेली इंग्रजी पुस्तके आणि एक ज्ञानकोश समोर घेऊन बसावे लागे. अशाच एका वर्षी त्या विभागातील चौथा प्रश्न मी असा काढला होता : 'गुलामगिरी कायमची बंद करणारा जगातील पहिला देश कोणता?' नमुना उत्तर होते, 'ग्रेट ब्रिटन, इ. स. १८३३'. बहुतेक मुलांनी 'इंग्लंड' लिहिले. काहींनी लिंकनचे स्मरण ठेवून 'अमेरिका' लिहिले. आठवीतील एका मुलीने 'हैती' असे लिहिले आणि मी त्यावर तांबड्या शाईने फुली मारली. त्या एका गुणाने तिचे बक्षीस हुकले की नाही, हे आता सांगता येत नाही. आठवते ते एवढेच, की फुली मारताना माझा हात क्षणभरही अडखळला नाही.

तिचे उत्तर बरोबर होते. हे कळायला मला पुढे सात-आठ वर्षे लागली, आणि कळले तेही क्रिकेटमुळे. सी. एल. आर. जेम्स या त्रिनिदादच्या लेखकाचे 'बियाँड अ बाउंडरी' हे १९६३ साली निघालेले पुस्तक क्रिकेटच्या शौकिनांना परिचित आहे. एका दिवंगत सभासदांच्या घरून देणगी म्हणून आलेल्या खोक्यांची नोंद करताना याच लेखकाचे दुसरे पुस्तक हाती लागले : 'द ब्लॅक जॅकोबिन्स', प्रथम प्रकाशन लंडन, १९३८. यातही क्रिकेटच असेल अशा समजुतीने मी ते घरी नेले. त्यात क्रिकेटचा चेंडू कुठेही नव्हता. होता तो पाच लाख गुलामांचा इतिहास, ज्यांनी बारा वर्षे लढून त्या काळच्या तीन मोठ्या युरोपीय सत्तांना आपल्या भूमीतून घालवून दिले आणि स्वतःचे राज्य स्थापिले. मी आयुष्यभर इतिहास वाचला, शिकवला, त्यावर मुलांची परीक्षा घेतली. आणि या घटनेची मला वार्ताही नव्हती. ती का नव्हती, या प्रश्नाने पुढे माझा पिच्छा पुरवला. प्रस्तुत लेख हा त्याच शोधाचा वृत्तान्त आहे.

कॅरिबियन समुद्रात क्यूबाच्या पूर्वेला हिस्पॅनिओला नावाचे बेट आहे. कोलंबस १४९२ च्या डिसेंबरात तेथे उतरला. तेथील मूळचे ताइनो लोक स्पॅनिश सक्तमजुरी आणि युरोपातून आलेले रोग यांच्यापुढे पन्नास-साठ वर्षांत जवळजवळ नाहीसे झाले. बेटाचा पश्चिमेकडील सुमारे एक-तृतीयांश भाग १६९७ च्या तहाने फ्रान्सकडे आला. फ्रेंचांनी त्याचे नाव ठेवले सँ-दोमँग. आज खनिज तेलाला जे महत्त्व आहे, ते अठराव्या शतकात साखरेला होते. १७८९ च्या सुमारास युरोपात खपणाऱ्या साखरेपैकी सुमारे चाळीस टक्के साखर आणि निम्म्याहून अधिक कॉफी या एका वसाहतीतून जात असे. आपल्या केरळाएवढाही विस्तार नसलेला हा डोंगराळ प्रदेश फ्रान्सची सर्वांत मोलाची वसाहत होता. बोर्दो आणि नांत या बंदरांतील व्यापाऱ्यांचे दगडी वाडे त्याच पैशातून उभे राहिले.

हा पैसा ज्यांच्या श्रमातून येत होता ते सुमारे पाच लाख आफ्रिकी गुलाम होते. गोरे होते तीस-चाळीस हजार, आणि जवळजवळ तितकेच मिश्र वंशाचे व मुक्त झालेले काळे लोक. यांपैकी काही सधन होते आणि त्यांच्यापाशीही गुलाम होते. उसाच्या मळ्यात पहाटेपासून अंधार पडेपर्यंत तोडणी, आणि रात्री चरक व भट्टी. चरकाच्या लाटांत झोपेने पेंगुळलेल्या मजुराचा हात सापडे, म्हणून तो तोडण्यासाठी जवळच कोयता ठेवलेला असे. पळून जाणाऱ्यासाठी चौदाव्या लुईच्या १६८५ च्या कायद्यात शिक्षा लिहून ठेवल्या होत्या : पहिल्या खेपेस कान कापून खांद्यावर डाग, दुसऱ्या खेपेस गुडघ्यामागची शीर तोडणे, तिसऱ्या खेपेस मृत्यू. गुलामांत जन्मापेक्षा मृत्यूच अधिक होत. मळेवाल्यांचा हिशेब असा, की मूल वाढवण्यापेक्षा नवा माणूस विकत घेणे स्वस्त पडते. १७८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस वर्षाला तीस हजारांच्या आसपास माणसे जहाजांच्या तळघरातून तेथे आणली जात होती. त्यामुळे १७९१ मध्ये तेथील निम्म्याहून अधिक गुलाम आफ्रिकेत जन्मलेले होते. आपण कधीकाळी स्वतंत्र होतो, हे त्यांना कोणी सांगावे लागत नव्हते.

पॅरिसमध्ये १७८९ साली मानवी हक्कांचा जाहीरनामा निघाला, तेव्हा सँ-दोमँगमधील मळेवाल्यांना तो आपल्यासाठीच आहे असे वाटले. मिश्र वंशाच्या मुक्त लोकांनी समान हक्क मागितले. त्यांचा पुढारी व्हँसाँ ओजे याने बंड केले, तेव्हा १७९१ च्या फेब्रुवारीत त्याला चाकावर बांधून, हाडे मोडून ठार करण्यात आले. गुलामांचा प्रश्न तर कोणी विचारातच घेतला नव्हता. ला बार नावाच्या एका वसाहतवाल्याने १७९० साली पत्नीला धाडलेल्या पत्राचा दाखला इतिहासकार देतात. आपले काळे लोक शांत आणि आज्ञाधारक आहेत, त्यांच्यात बंड होणे अशक्य आहे, अशा अर्थाचा मजकूर त्यात होता. हे वाचताना मला माझी तांबडी फुली आठवली. त्याची खात्री आणि माझी खात्री एकाच जातीची होती.

१७९१ च्या ऑगस्टमध्ये उत्तरेकडील मळ्यांतील मुकादम व गाडीवान अशी थोडी मोकळीक असलेली माणसे जंगलात जमली. बुकमन या नावाने ओळखला जाणारा पुढारी त्यांत होता. २२ ऑगस्टच्या रात्री बंड सुरू झाले आणि काही आठवड्यांत शेकडो मळे जळून गेले. काप-फ्रान्से या शहरातून पाहणाऱ्यांना कित्येक दिवस क्षितिजावर आगीशिवाय काही दिसत नव्हते. बुकमन नोव्हेंबरात मारला गेला, परंतु बंड थांबले नाही. बातमी पॅरिसला पोहोचली तेव्हा अनेकांनी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. गुलामांना असले काही योजता येणार नाही, यामागे इंग्रज असतील, राजपक्षीय असतील, मुलाटो असतील, असे तर्क लढवले गेले. योजना खुद्द गुलामांची असेल, ही शक्यता कोणालाही सुचली नाही.

या बंडातून जो माणूस पुढे आला त्याचे नाव तुसाँ. ब्रेदा नावाच्या मळ्यावर १७४३ च्या सुमारास गुलाम म्हणून त्याचा जन्म झाला. तो घोड्यांची निगा राखी, धन्याची बग्गी हाकी, आणि लिहावाचायला शिकला होता. चरित्रकारांनी त्याला पुढे देवत्व दिले. विसाव्या शतकात प्रकाशात आलेल्या कागदपत्रांवरून मात्र असे दिसते, की १७७६ पर्यंत तो मुक्त झाला होता आणि काही काळ त्याने कॉफीचा एक मळा तेथील गुलामांसह खंडाने घेतला होता. ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. ज्या व्यवस्थेत माणूस वाढतो तिचे डाग त्याच्या अंगावर असायचेच. रेनाल या फ्रेंच धर्मगुरूच्या नावाने निघालेला 'दोन्ही इंडीज'मधील युरोपीय व्यापाराचा बहुखंडी इतिहास तुसाँने वाचला होता, अशी परंपरा आहे. दोन्ही इंडीज म्हणजे वेस्ट इंडीज आणि आपला पूर्वेकडील देश. गुलामांना कोणी थोर नेता लाभेल आणि ते आपला सूड उगवतील, असे भाकीत त्या ग्रंथात आहे. १७८१ साली पॅरिसमध्ये तो ग्रंथ जाहीररीत्या जाळण्यात आला होता. एका बग्गीवानाच्या हाती पडलेल्या ग्रंथाने काय घडू शकते याविषयी वाचनालयाच्या स्मरणिकेत अधिक लिहिण्याचा मोह होतो, पण परंपरा ही परंपराच, पुरावा नव्हे, म्हणून आवरतो.

पुढील दोन वर्षांचे राजकारण गुंतागुंतीचे आहे, ते थोडक्यात सांगतो. फ्रान्सचे स्पेन आणि इंग्लंडशी युद्ध जुंपले. पूर्वेकडील स्पॅनिश भागातून स्पेनने बंडखोर गुलामांना पैसा आणि शस्त्रे दिली. तुसाँ प्रथम त्यांच्या बाजूने लढला. १७९३ च्या सप्टेंबरात मळेवाल्यांच्याच निमंत्रणावरून इंग्रज फौज उतरली. कोंडीत सापडलेला फ्रेंच आयुक्त सोंतोना याने २९ ऑगस्ट १७९३ रोजी उत्तर प्रांतात गुलामगिरी रद्द झाल्याचे जाहीर केले होते. सैनिक हवे असतील तर स्वातंत्र्य दिल्यावाचून गत्यंतर नव्हते. लोकांनी ते अगोदरच घेतलेले होते. वसाहतीतून निवडून गेलेले तीन प्रतिनिधी १७९४ च्या फेब्रुवारीत पॅरिसच्या राष्ट्रीय सभेत बसले. एक गोरा, एक मिश्र वंशाचा, आणि एक काळा : झाँ-बाप्तिस्त बेले, जो स्वतः पूर्वी गुलाम होता. ४ फेब्रुवारी रोजी सभेने सर्व फ्रेंच वसाहतींतील गुलामगिरी रद्द केली. जिरोदे या चित्रकाराने १७९७ साली काढलेले बेलेचे चित्र आजही फ्रान्समध्ये आहे. त्यात तो राष्ट्रीय सभेच्या सदस्याच्या पोशाखात, रेनालच्या संगमरवरी मस्तकशिल्पाला टेकून उभा आहे.

हा ठराव झाल्यावर तुसाँ फ्रेंचांच्या बाजूला आला. त्याने स्पॅनिशांना हटवले, आणि १७९८ मध्ये इंग्रजांनी आपली उरलीसुरली फौज बोटींत घालून परत नेली. इंग्रजांचे बारा हजारांहून अधिक सैनिक त्या स्वारीत कामास आले; त्यांतले बहुतेक पीतज्वराने. येथे एका गोष्टीची नोंद करावीशी वाटते. ज्या इंग्रजांपुढे १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले आणि १८०३ मध्ये असईच्या मैदानावर शिंदे-भोसल्यांच्या फौजा हटल्या, त्याच इंग्रजांना त्या अगोदर काहीच वर्षे एका बग्गीवानाशी तह करून माघार घ्यावी लागली होती.

१८०१ मध्ये तुसाँने वसाहतीसाठी राज्यघटना केली. गुलामगिरी कायमची नष्ट झाली असे तिच्यात स्पष्ट नमूद केले आणि स्वतःला तहहयात राज्यपाल केले. त्याचे राज्य सौम्य नव्हते. साखर पिकवल्याखेरीज शस्त्रांना पैसा मिळणार नाही, हे ओळखून त्याने मुक्त झालेल्या मजुरांना पुन्हा मळ्यांशी जखडले. वेतन आणि उत्पन्नाचा हिस्सा मिळे, चाबूक गेला होता, पण मळा सोडून जायची मुभा नव्हती. त्याविरुद्ध दंगा झाला तेव्हा आपलाच पुतण्या मानलेल्या मोईझला त्याने गोळ्या घालवल्या. ज्यांनी जमिनीच्या एका तुकड्यासाठी बंड केले होते त्यांना हे स्वातंत्र्य अपुरे वाटले, आणि त्यांचे चुकले असे म्हणवत नाही.

नेपोलियनला मात्र तेवढेही सहन होण्यासारखे नव्हते. १८०२ च्या आरंभी त्याचा मेहुणा लक्लेर्क सुमारे वीस हजार सैन्य घेऊन आला. मागाहून आणखी कुमक येत राहिली. जून महिन्यात तुसाँला वाटाघाटीसाठी बोलावून दग्याने कैद करण्यात आले. जहाजावर चढताना तो म्हणाला, असे सांगतात, की तुम्ही केवळ बुंधा तोडला आहे. मुळे पुष्कळ आहेत आणि खोलवर आहेत. फ्रान्सच्या पूर्व सीमेवरील जुरा पर्वतातल्या फोर्ट द जू या किल्ल्यातील थंड कोठडीत ७ एप्रिल १८०३ रोजी त्याचा अंत झाला. दरम्यान ग्वादलूप बेटावर नेपोलियनने गुलामगिरी पुन्हा आणल्याची बातमी आली. मग जे सेनापती फ्रेंचांना मिळाले होते तेही उलटले. देसालिन आणि क्रिस्तोफ हे त्यांतले प्रमुख. लक्लेर्क स्वतः १८०२ च्या नोव्हेंबरात पीतज्वराने मेला. त्याच्यानंतर आलेल्या रोशाँबोने कैद्यांवर सोडण्यासाठी क्यूबाहून कुत्रे आणवले. नेपोलियनने मदतीला धाडलेल्या पोलिश पलटणींतील काही सैनिकांनी, आपल्याही देशाचे तुकडे झालेले आठवून, बाजू बदलली. हैतीच्या १८०५ च्या घटनेने त्या पोलिश लोकांना नागरिकत्व दिले. सर्व हैतीवासी 'काळे' या एकाच नावाने ओळखले जातील, असे तीच घटना म्हणते. म्हणजे कायद्याने ते पोलिशही काळेच ठरले. वर्णाचा अर्थ इतक्या सहजपणे उलटा करणारी दुसरी घटना माझ्या पाहण्यात नाही.

शेवटची लढाई १८ नोव्हेंबर १८०३ रोजी व्हेर्तिएर येथे झाली. फ्रांस्वा कापुआ नावाचा सरदार चढाई करीत असता त्याचा घोडा गोळीने पडला. तो उठला आणि तलवार उपसून पायीच पुढे निघाला. तेव्हा रोशाँबोने नगारा वाजवून गोळीबार थांबवला आणि त्या शूराचा गौरव करायला स्वार पाठवला, असे हैतीत सांगतात. १ जानेवारी १८०४ रोजी गोनाइव्ह येथे देसालिनने स्वातंत्र्य जाहीर केले. देशाला फ्रेंच नाव नको, आफ्रिकी नकोच, म्हणून नाहीशा झालेल्या ताइनोंचा शब्द घेतला : हैती, म्हणजे डोंगराळ भूमी.

मराठी वाचकाने ही तारीख पुन्हा एकदा पाहावी. त्याच नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला लासवारीची लढाई झाली होती; व्हेर्तिएरनंतर अकरा दिवसांनी आडगावची झाली. ज्यांच्या छावणीतून पुढे आपले लष्कर वसले त्या दौलतराव शिंद्यांच्या वतीने सुर्जी-अंजनगावचा तह झाला तो ३० डिसेंबर १८०३ रोजी. त्यानंतर दोनच दिवसांनी गोनाइव्हची घोषणा झाली. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही, हे स्पष्ट सांगतो. परंतु या गावातील दहा-बारा वर्षांचे मूलही सुर्जी-अंजनगावचे साल बिनचूक सांगते, आणि त्याच आठवड्यात पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला काय घडले ते त्याच्या परीक्षकालाही माहीत नव्हते. आपला पराभव आपल्याला नेमका ठाऊक होता. दुसऱ्याचा जय आपल्यापर्यंत आला नाही.

जयानंतरची पाने सुखाची नाहीत, आणि ती गाळणे हेही एक प्रकारचे विस्मरणच ठरेल. १८०४ च्या पहिल्या काही महिन्यांत देसालिनच्या हुकमावरून देशात राहिलेल्या फ्रेंच गोऱ्यांची कत्तल झाली. तीन ते पाच हजार माणसे मारली गेली, त्यांत स्त्रिया आणि मुलेही होती. बारा वर्षांतील अत्याचारांचा हिशेब कितीही मांडला तरी ही कत्तल धुतली जात नाही. पुढे गुलामांचे मालक जेथे जेथे होते तेथे तेथे हैती हे नाव घेताच हेच एक प्रकरण सांगण्याची प्रथा पडली. देसालिन १८०६ मध्ये आपल्याच माणसांकडून मारला गेला. उत्तरेत क्रिस्तोफ राजा झाला, दक्षिणेत पेतियाँ अध्यक्ष. पेतियाँविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. परागंदा झालेला सिमोन बोलिव्हार १८१५-१६ मध्ये त्याच्याकडे आला, तेव्हा पेतियाँने त्याला जहाजे, बंदुका आणि दारूगोळा दिला आणि मोबदल्यात एकच अट घातली : जी भूमी मुक्त कराल तेथील गुलामही मुक्त करा. दहा वर्षांनी, १८२६ मध्ये, स्वतंत्र झालेल्या अमेरिकी प्रजासत्ताकांची परिषद पनामात भरली. हैतीला निमंत्रण नव्हते.

जेम्स यांचे पुस्तक स्वातंत्र्यापाशी थांबते. त्याच्या पुढचा भाग मी नंतर वाचला, आणि माझ्या मते हैतीची खरी कहाणी तेथेच आहे. नेपोलियनने १८०३ मध्येच कॅरिबियन साम्राज्याचा नाद सोडून उत्तर अमेरिकेतील लुइझियाना हा एकवीस लाख चौरस किलोमीटरहून मोठा प्रदेश अमेरिकेला विकला होता. किंमत दीड कोटी डॉलर, म्हणजे आठ कोटी फ्रँक. १७ एप्रिल १८२५ रोजी फ्रान्सचा राजा दहावा चार्ल्स याने फर्मान काढले, की हैतीने वसाहतवाल्यांच्या बुडालेल्या मालमत्तेची भरपाई म्हणून पंधरा कोटी फ्रँक पाच हप्त्यांत द्यावेत. मग फ्रान्स तिचे स्वातंत्र्य मान्य करील. मालमत्तेत जमीन आली, गिरण्या आल्या आणि माणसेही आली. अठ्ठावीस हजार चौरस किलोमीटरही न भरणाऱ्या देशाकडून लुइझियानाच्या जवळजवळ दुप्पट किंमत मागितली जात होती. फर्मान घेऊन येणाऱ्या अधिकाऱ्याबरोबर चौदा युद्धनौका होत्या. अध्यक्ष ब्वाये यांनी जुलैत मान्यता दिली.

पहिला हप्ता तीन कोटींचा. एवढी रक्कम खजिन्यात नव्हती, म्हणून ती पॅरिसच्याच सावकारांकडून कर्जाऊ काढली. दस्तऐवज तीन कोटींचा झाला. दलाली आणि सूट वजा जाता हाती आले दोन कोटी चाळीस लाख. कर्ज फेडण्यासाठी कर्ज! आपल्याकडील शेतकऱ्याला हा प्रकार कोणी समजावून सांगावा लागणार नाही. १८३८ मध्ये एकूण रक्कम नऊ कोटींवर आणली गेली, तरी तीही फेडण्यासाठी नवी कर्जे निघत राहिली. शाळा, रस्ते, दवाखाने यांसाठी जे काही उरले असते ते कॉफीवरील जकातीच्या रूपाने समुद्रापार जाऊ लागले. १९१४ च्या डिसेंबरात अमेरिकी नौसैनिकांनी हैतीच्या राष्ट्रीय बँकेतून पाच लाख डॉलरचे सोने उचलून न्यूयॉर्कला नेले. पुढच्याच वर्षी अमेरिकेने देश ताब्यात घेतला आणि १९३४ पर्यंत सोडला नाही. त्या मूळ खंडणीतून निपजलेल्या कर्जांचा शेवटचा हिशेब मिटला १९४७ साली. त्याच वर्षी आपण स्वतंत्र झालो.

आता माझ्या नमुना उत्तराकडे वळतो. ब्रिटनच्या १८३३ च्या कायद्याने गुलामांच्या मालकांना दोन कोटी पौंड भरपाई दिली. गुलामांना काही दिले नाही. त्यासाठी काढलेल्या कर्जाचा अवशेष ब्रिटिश सरकारने २०१५ साली फेडून टाकला. तेथे निदान करदात्यांनी मालकांना पैसे दिले; हैतीत ते पूर्वीच्या गुलामांनी, त्यांच्या मुलांनी आणि नातवंडांनी दिले, तेही स्वतःचीच किंमत म्हणून. शिवाय त्या ब्रिटिश कायद्यातून ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळलेला होता. हिंदुस्थानात गुलामगिरीला कायद्याचा आधार उरणार नाही, असे ठरायला १८४३ चा पाचवा कायदा यावा लागला. म्हणजे मी ज्या कायद्याला पूर्ण गुण देत होतो, त्याने खुद्द माझ्या देशालाच बाहेर ठेवले होते. उत्तर चुकले ते केवळ हैतीच्या बाबतीत नव्हे.

चिकित्सक वाचक म्हणतील, की प्रश्नातही खोट आहे, आणि ते खरे आहे. व्हरमाँट या चिमुकल्या, तेव्हा स्वतंत्र असलेल्या राज्याने १७७७ च्या घटनेत प्रौढ माणसाला गुलाम ठेवण्यास मनाई केली होती. तेथे गुलाम फारसे नव्हतेच. फ्रान्सने १७९४ मध्ये बंदी घातली आणि १८०२ मध्ये ती पुसून टाकली. म्हणून 'कायमची' हा शब्द महत्त्वाचा. ज्या राष्ट्राचा सारा संसार गुलामगिरीवर उभा होता आणि ज्याने ती एकदा उखडल्यावर पुन्हा कधीही येऊ दिली नाही, असे पहिले राष्ट्र हैतीच ठरते. अमेरिकेतील तेरावी घटनादुरुस्ती १८६५ ची. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील सत्प्रवृत्त लोकांना अर्पण केला, कारण त्यांनी निग्रोंच्या मुक्तीसाठी त्याग केला होता. ती अर्पणपत्रिका मराठीचे भूषण आहे. परंतु त्याच अमेरिकेने हैतीला मान्यता दिली ती १८६२ साली, स्वातंत्र्यानंतर अठ्ठावन्न वर्षांनी, आणि दक्षिणेकडील राज्ये संघातून फुटून निघाल्यानंतर. तोवर हैतीचा काळा वकील वॉशिंग्टनमध्ये इतर राष्ट्रांच्या वकिलांच्या पंक्तीस बसेल, ही कल्पनाच तेथील सिनेटरांना सोसत नव्हती.

मग हे आपल्यापर्यंत का पोहोचले नाही? मिशेल-रोल्फ त्रूयो या हैतीतच जन्मलेल्या विद्वानाने १९९५ साली याच प्रश्नावर एक ग्रंथ लिहिला. घटना घडत असतानाच ती तत्कालीन युरोपीय मनाला अकल्पनीय होती, म्हणून ती पुढे इतिहासातही नीट लिहिली गेली नाही, असे त्याचे म्हणणे. एरिक हॉब्सबॉम यांच्यासारख्या थोर आणि डाव्या विचारांच्या इतिहासकाराच्या क्रांतियुगावरील १९६२ च्या ग्रंथातही हैतीला ओझरत्या उल्लेखांपलीकडे जागा मिळाली नाही, हे त्रूयो दाखवतो. मला त्याचे म्हणणे पटते, पण माझ्या मते त्याला आणखी एक साधे कारण जोडायला हवे. विसरणे फायद्याचे होते. लक्षात ठेवले असते तर कोणीतरी हिशेब मागितला असता. २००३ मध्ये हैतीचे अध्यक्ष आरिस्तिद यांनी तो मागितला : एकवीस अब्ज डॉलरहून अधिक. फ्रान्सने नकार दिला. पुढच्या फेब्रुवारीत आरिस्तिद यांना देश सोडावा लागला. १७ एप्रिल २०२५ रोजी, त्या फर्मानाला दोनशे वर्षे झाली त्या दिवशी, फ्रान्सचे अध्यक्ष माक्राँ यांनी दोन्ही देशांच्या इतिहासकारांची समिती नेमण्याची घोषणा केली. परतफेडीविषयी ते काही बोलले नाहीत.

हैतीत १ जानेवारीला घरोघर लाल भोपळ्याचे एक सूप करतात. हा पदार्थ पूर्वी धन्याच्या पानात वाढण्यासाठी गुलामांनी रांधायचा असे. त्यांना स्वतःला तो निषिद्ध होता, असे परंपरा सांगते. युनेस्कोने २०२१ मध्ये त्याची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशात केली.

त्या वर्षीची प्रश्नपत्रिका आणि नमुना उत्तरे वाचनालयाच्या दप्तरात आहेत. शतकमहोत्सवासाठी जुने कागद लावताना ती माझ्या हाती आली. चिटणीसांच्या परवानगीने चौथ्या क्रमांकापुढील उत्तर खोडून मी तेथे 'हैती, १८०४' असे लिहिले आणि खाली सही व तारीख घातली. मुलांच्या उत्तरपत्रिका मात्र त्या काळी निकालानंतर रद्दीत जात. त्यामुळे त्या मुलीचे नाव मला येथे देता येत नाही.